वेठबिगारीतून सुटलेल्या मुलांचे मुक्तता प्रमाणपत्र : अर्ज नेमका कुठे अडतो?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि त्यांच्याबरोबर पहाटेपासून फडात राबणारी मुलेही दिसू लागतात. मोळ्या बांधणाऱ्या एका मुलीला मी शाळेबद्दल विचारले, तेव्हा पाचटाने चिरलेले तळहात पाठीमागे नेत ती एवढेच म्हणाली, "उचल फिटल्याशिवाय जाता येत नाही." उचल म्हणजे कामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. मूल वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला, म्हणजे मुक्तता प्रमाणपत्र, आणि पुनर्वसनाची मदत मागणाऱ्या अर्जाचा सारा भार याच वाक्यावर असतो, आणि बहुतेक अर्जांत नेमके तेच लिहिलेले नसते.

अर्जात केवळ 'बालकामगार' असा उल्लेख केला, तर प्रकरण बालकामगार कायद्यापुरते राहते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली मदत हवी असेल, तर उचल किती व कोणी घेतली, मजुरी हातात पडते का, दुसरीकडे कामाला किंवा गावी जाण्यास मुकादम अथवा मालक अडवतो का, हे जबाबात स्पष्ट यावे लागते. मुलांना डांबून किंवा साखळीने बांधून ठेवलेले असले पाहिजे, हा समज चुकीचा आहे. उचलीची लेखी चिठ्ठी मागून अर्जदाराला परत पाठवले जाते, याचा मला मनापासून संताप येतो, कारण अशी चिठ्ठी मजुराकडे कधीच नसते आणि ते कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ ने धनकोवरच टाकलेली आहे. 'आईवडिलांना मदत करते' हे उत्तरही मान्य करू नये. कुटुंबाला मदत करण्याची कायद्यातील सवलत शाळेच्या वेळेनंतरच्या व सुट्टीतील बिनधोक कामापुरतीच आहे.

वयाच्या पुराव्यावरूनही अर्ज रखडतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. त्यामुळे दाखला नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही.

चोवीस तासांच्या मुदतीचा अर्थही अनेकदा चुकीचा लावला जातो. मूल सापडल्यावर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करायचे, अशी ती मुदत आहे; तिचा तक्रारदाराशी संबंध नाही. उशीर झाला म्हणून गप्प बसू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मोफत असून अहोरात्र चालतो, आणि जिवाला धोका असल्यास ११२ लावावा.

मुक्तता प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे साध्या कागदावर अर्ज द्यावा आणि पोच अवश्य घ्यावी. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत असून ती खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही. मुलांसाठी पुनर्वसनाची रक्कम दोन लाख रुपये, तर देहविक्री किंवा तस्करीसारख्या गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये आहे.

उचल फेडायची कशी, या धास्तीने अनेक आईबाप मागे सरतात. त्यांना शांतपणे सांगा की वेठबिगारीचे कर्ज कायद्यानेच संपुष्टात आले आहे आणि ते वसूल करणे हाच गुन्हा आहे. मुलाचे प्रमाणपत्र आईवडिलांच्या कागदात न गुंतवता त्याच्या स्वतःच्या नावाने मागा, आणि टोळी गावाकडे परतण्यापूर्वी ते हातात घ्या. एकदा ट्रॅक्टर निघून गेला की त्या कागदासाठी त्या कुटुंबाला पुन्हा कोल्हापूरची फेरी परवडत नाही.