सांडपाण्याच्या कर्जात बुडालेली काउंटी

२०११ साली अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये गाडीची नोंदणी नव्याने करून घ्यायची, तर काउंटीच्या मुख्य कचेरीसमोर तासन्‌तास रांगेत उभं राहावं लागे. उपनगरांतली कार्यालयं काउंटीने बंद केली होती आणि शेकडो कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं होतं. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला अलाबामा राज्यातल्या या जेफरसन काउंटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा.) कर्ज ४ अब्ज डॉलरच्या वर होतं. दोन वर्षांनी डेट्रॉईट बुडालं, तोवर स्थानिक शासनाची अमेरिकेतली ही सर्वांत मोठी दिवाळखोरी होती.

ही गोष्ट बहुतेक वेळा लाचखोरीची म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. काउंटीच्या तिजोरीला भोकं दोन होती, आणि दुसऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही.

पहिलं भोक सांडपाण्याचं. बर्मिंगहॅम हे लोखंड-पोलादाचं गाव, १८७१ मध्ये वसलेलं. जवळून कहाबा नदी वाहते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिच्या उथळ, खडकाळ पात्रात पांढऱ्या लिली फुलतात. जमिनीखालचे जुने नळ मात्र तडकलेले. जोराचा पाऊस आला की पावसाचं पाणी त्यांत शिरायचं, नळ भरून वाहायचे आणि मैला थेट ओढ्या-नद्यांत जायचा. १९९३ मध्ये रहिवासी कोर्टात गेले. १९९६ च्या तडजोडीत काउंटीने सगळी यंत्रणा दुरुस्त करायचं कबूल केलं आणि बर्मिंगहॅमसह वीसेक नगरांच्या वाहिन्या आपल्या अंगावर घेतल्या.

काम गरजेचंच होतं. पण कंत्राटं वाढत गेली, त्यांत टक्केवारी शिरली आणि कर्ज ३ अब्ज डॉलरच्या पुढे गेलं. २००२-०३ मध्ये त्यातलं बहुतेक कर्ज बदलत्या व्याजदराच्या रोख्यांत फिरवलं गेलं आणि सोबतीला स्वॅपचे, म्हणजे बँकेशी व्याजाच्या हप्त्यांची अदलाबदल करण्याचे, करार आले. व्याज वाचेल, असा हिशेब होता. २००८ मध्ये रोख्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांचीच पत घसरली, लिलावाने व्याज ठरणाऱ्या रोख्यांचा बाजार गोठला आणि व्याज भडकलं. २००९ मध्ये काउंटी कमिशनचे, म्हणजे काउंटीच्या कारभारी मंडळाचे, माजी अध्यक्ष लॅरी लँगफर्ड लाचखोरीत दोषी ठरले; रोकड, उंची कपडे, घड्याळं असा तो ऐवज होता. पुढे त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. स्वॅप विकणाऱ्या जेपी मॉर्गन या बँकेने नियामकांशी तडजोड करताना काउंटीला ५ कोटी डॉलर दिले आणि स्वॅप मोडण्यापोटी काउंटीकडून मागितलेल्या सुमारे ६५ कोटी डॉलरवर पाणी सोडलं.

दुसरं भोक पगारावरच्या कराचं. सांडपाण्याचं कर्ज फेडायचं ते सांडपाण्याच्या बिलातून. कायद्याने तो खिसाच वेगळा. रोजचा कारभार चालायचा तो मोठ्या प्रमाणात पगारावरच्या कराच्या पैशावर. काउंटीत काम करणाऱ्याच्या पगारातून साधारण अर्धा टक्का कापला जाई. राज्याचा परवाना घेऊन धंदा करणारे डॉक्टर-वकील त्यातून सुटायचे, त्यामुळे कराबद्दल खदखद होतीच. २००९ मध्ये कोर्टाने तो बेकायदा ठरवला. विधिमंडळाने नवा कायदा केला, पण मार्च २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द केला. कारण काय, तर अशा स्थानिक कायद्याची जाहीर सूचना नीट प्रसिद्ध झाली नव्हती! कोट्यवधी डॉलरचं उत्पन्न एका जाहिरातीवरून गेलं.

मग काउंटीने स्वतःच नवा कर का लावला नाही? इथे १९०१ मध्ये जावं लागतं. त्या वर्षीची अलाबामाची राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदेच्या अध्यक्षांनी गोऱ्यांचं वर्चस्व प्रस्थापित करणं हाच हेतू असल्याचं उघड सांगितलं होतं. त्या घटनेने सत्ता राजधानी माँटगोमेरीत एकवटली. गावोगावच्या बारीकसारीक बाबींसाठी घटनादुरुस्त्या होत राहिल्या आणि त्यांची संख्या नऊशेच्या वर गेली. नवा कर लावायचा तर काउंटीने राजधानीच्या पायऱ्या झिजवायच्या. २०११ मध्ये तिथून ती रिकाम्या हाताने परतली. जबाबदारी काउंटीची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, अशी ही व्यवस्था. लँगफर्ड धुतल्या तांदळासारखे असते तरी कचेरीसमोरची ती रांग लागलीच असती, असं मला वाटतं.

चटका बसला तो गरिबांना. पैसे नसलेल्या रुग्णांसाठी काउंटी १९७२ पासून चालवत असलेल्या कूपर ग्रीन मर्सी रुग्णालयात रुग्ण दाखल करून घेणं २०१२ अखेर थांबलं. बाह्यरुग्ण विभाग तेवढा उरला.

डिसेंबर २०१३ मध्ये काउंटी दिवाळखोरीतून बाहेर आली. सावकारांनी मोठी सूट दिली, पण त्यासाठी सुमारे १.७८ अब्ज डॉलरचे नवे रोखे काढावे लागले. सांडपाण्याचे दर पहिली चार वर्षं दरसाल ७.४१ टक्के आणि पुढे दरसाल ३.४९ टक्के वाढतील, असं ठरलं. याविरुद्ध काही ग्राहक कोर्टात गेले. योजना अमलात येऊन गेली आहे, आता ती उलटवता येणार नाही, असं अपील न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना सांगितलं.