डेटाबेस संशोधनाचे पुरस्कार: नाव कोणी पाठवायचं, पात्रता काय आणि कागद कोणते

गेल्या महिन्यात पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी मोबाइल हातात घेऊन माझ्याकडे आली. मेलमध्ये लिहिलं होतं की ‘सर्वोत्कृष्ट संशोधक’ म्हणून तिची निवड झाली आहे. चार दिवसांत नोंदणी शुल्क भरलं की ट्रॉफी आणि प्रमाणपत्र कुरिअरने घरी येईल. तिला एवढंच विचारायचं होतं, की पावती कॉलेजच्या नावाने घ्यावी की स्वतःच्या. पैसे भरू नकोस, असं मी तिला सांगितलं. मग दोन तास बसून तिच्या कामाला खरी मान्यता कुठे मिळू शकते ते आम्ही शोधलं. नाशिकच्या रिसर्च सेंटरांमध्ये डेटाबेसवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना हे सांगावं लागतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

एक खूण आधी लक्षात ठेवा. खाली दिलेल्या पुरस्कारांपैकी एकाचीही ट्रॉफी शुल्क भरून घरी येत नाही. मोठ्या पुरस्कारांसाठी तर बहुतेक वेळा उमेदवाराला स्वतः अर्जही करता येत नाही, दुसऱ्या कोणीतरी त्याचं नाव पाठवावं लागतं. आपल्याकडे नेमकं इथेच अडतं. स्वतःहून कसं विचारायचं म्हणून विद्यार्थी गप्प राहतो, याला रस नसेल असं गाइडला वाटतं आणि तारीख निघून जाते. म्हणून फॉर्म उघडण्याआधी गाइडच्या केबिनमध्ये जा आणि ‘सर, माझ्या थिसिसचं नामांकन पाठवाल का?’ असं सरळ विचारा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

कोणता पुरस्कार कोणासाठी

डेटाबेस संशोधनातला मोठा गट म्हणजे एसीएम या संगणकशास्त्राच्या जागतिक संघटनेचा सिगमॉड. 1992 पासून तो इनोव्हेशन्स पुरस्कार देतो आणि 2004 पासून त्याला एडगर कॉड यांचं नाव आहे. 1970 च्या पेपरमध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवण्याची पद्धत, मांडणारे तेच हे कॉड. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कारही त्यांना 1981 साठी मिळाला होता. या यादीत आपल्याकडची नावंही आहेत: 1996 मध्ये सी. मोहन, 2000 मध्ये राकेश अग्रवाल. पण हा पुरस्कार अनेक वर्षांच्या मोठ्या कामासाठी असतो, थिसिस नुकताच संपवलेल्याने त्याकडे आत्ता बघायचं कारण नाही.

‘टेस्ट ऑफ टाइम’ प्रकारच्या पुरस्कारांचंही तसंच. साधारण दहा वर्षांपूर्वीचे पेपर काढून त्यातला कोणता टिकला, कशावर पुढे काम उभं राहिलं, हे समिती ठरवते. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत डेटा मायनिंगच्या तासाला शिकवतात ती एप्रिऑरी पद्धत (डेटात वारंवार एकत्र येणाऱ्या गोष्टी शोधण्याची) अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी 1994 च्या व्हीएलडीबी या डेटाबेस परिषदेत मांडली आणि 2004 मध्ये त्याच परिषदेने तो पेपर दहा वर्षांतला सर्वांत प्रभावी म्हणून गौरवला. इथे तुमच्याकडून कागद काही लागत नाही, चांगला पेपर मात्र लागतो.

थिसिस नुकताच झालेल्यांसाठी खरे दरवाजे दोन. पहिला सिगमॉडचा जिम ग्रे डॉक्टोरल डिसर्टेशन (म्हणजे पीएच.डी.च्या थिसिसचा) पुरस्कार. डेटाबेसमधल्या ट्रान्झॅक्शनवरच्या (एकतर पूर्ण होणाऱ्या नाहीतर मुळीच न होणाऱ्या व्यवहारांवरच्या) कामासाठी ग्रे यांना 1998 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. जानेवारी 2007 मध्ये ते एकटेच शिडाची बोट घेऊन समुद्रात गेले आणि परतले नाहीत. 2008 मध्ये या पुरस्काराला त्यांचं नाव दिलं गेलं. दुसरा दरवाजा एसीएम इंडियाच्या डॉक्टोरल डिसर्टेशन पुरस्काराचा. तो संगणकशास्त्राच्या सगळ्या शाखांसाठी आहे, पदवी भारतातल्या संस्थेची लागते आणि बक्षिसाची रक्कम 2 लाख रुपये आहे. नाशिकच्या विद्यार्थ्याने आधी या दुसऱ्याकडे बघावं असं मला वाटतं. इथला थिसिस इथल्याच थिसिसांशी तोलला जातो आणि परीक्षकांना आपल्याकडची पीएच.डी. कशी होते हे ठाऊक असतं.

पात्रतेतला तारखेचा घोळ

या पुरस्कारांच्या आवाहनात एक कालखंड दिलेला असतो आणि त्या काळात पूर्ण झालेले थिसिसच चालतात. ‘पूर्ण’ म्हणजे नेमकं काय, हे नीट वाचा. आपल्याकडे एका पीएच.डी.ला चार तारखा असतात: थिसिस जमा केल्याची, व्हायवाची, विद्यापीठाच्या नोटिफिकेशनची आणि पदवीदान समारंभाची. पहिली आणि शेवटची यांत सहज एक-दीड वर्ष जातं. माझ्याच एका विद्यार्थ्याच्या वेळी मी पदवीदानाची तारीख धरली आणि अजून वर्ष हातात आहे असं समजून बसलो. तिथे तर व्हायवाची तारीख मोजत होते. नामांकन उघडलं तेव्हा तो त्या कालखंडाबाहेर गेलेला होता. चूक माझी होती आणि भोगावी त्याला लागली. तेव्हापासून व्हायवा झाली त्याच संध्याकाळी मी चारही रकाने मांडून ठेवतो आणि कळेल तशा तारखा भरतो.

दुसरा घोळ संस्थेच्या नावाचा. नाशिकमधलं तुमचं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं रिसर्च सेंटर असेल, तर पदवी देणारी संस्था विद्यापीठ आहे, कॉलेज नाही. फॉर्ममध्ये ‘पदवी देणारी संस्था’ असा रकाना असतो, तिथे विद्यापीठाचं नाव जातं आणि कॉलेज रिसर्च सेंटर म्हणून येतं. संस्थेचं संमतिपत्र मागितलं असेल तर ते कोणाच्या सहीने चालेल, हे आधी मेल करून विचारा. नाहीतर ऐनवेळी सही-शिक्क्यासाठी पुण्याला गणेशखिंडीत धावावं लागतं.

कागद

साधारण हे लागतं: थिसिसची अंतिम प्रत पीडीएफमध्ये, नोटिफिकेशन किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, गाइडचं नामांकनपत्र, कामाची ओळख असलेल्या दोन-तीन बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं, थिसिसमधून निघालेल्या पेपरांची यादी आणि एक-दोन पानांचा सारांश. हे सगळं इंग्रजीत. यूजीसीच्या 2022 च्या नियमांपासून पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही, पण पुरस्काराच्या समितीपुढे पेपरांची यादी रिकामी असेल तर थिसिस कितीही चांगला असला तरी बोलणार कोण? शोधगंगेवर (भारतातल्या थिसिसांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढवलेली प्रत आणि तुम्ही पाठवता ती प्रत एकच आहे ना, हेही तपासा. व्हायवानंतरच्या दुरुस्त्या एकीत असतात आणि दुसरीत नसतात, असं होतं.

नावाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे आपल्या लोकांचे हाल होतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. पेपरवर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. लग्नानंतरच्या पेपरवर वेगळंच आडनाव. मग डीबीएलपीसारख्या संगणकशास्त्राच्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीत एकाच बाईची दोन-तीन माणसं होतात आणि पेपरांची संख्या वाटली जाते. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या पेपरआधीच ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढा, तो मोफत मिळतो. प्रत्येक पेपरवर नाव एकाच पद्धतीने लिहा. नाव बदललं असेल तर डीबीएलपीला मेल करून दोन्ही नोंदी एकत्र करून घ्या. एसीएमच्या डिजिटल लायब्ररीत तर जुन्या पेपरवरचं नाव बदलून घ्यायचीही सोय आहे.

शिफारसपत्रात काय हवं

माझ्या मते सगळा अर्ज पत्रांवर तरतो किंवा बुडतो. आपल्याकडच्या पत्रांत ‘अत्यंत मेहनती, नम्र आणि वेळेची पक्की’ असं लिहिलेलं असतं. वाचून बरं वाटतं, पण समितीला त्यातून कामाबद्दल काहीच कळत नाही.

त्या विद्यार्थिनीचंच उदाहरण घ्या. तिचा विषय क्वेरी ऑप्टिमायझर. एखाद्या क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, किती ओळी मिळतील याचा अंदाज डेटाबेस आधी बांधतो आणि त्यावरून ती चालवायची पद्धत निवडतो. हा अंदाज बांधताना दोन अटींचा एकमेकींशी संबंध नाही असं तो बहुधा गृहीत धरतो. आता समजा लासलगावसारख्या बाजार समितीच्या आवकेच्या 12 लाख नोंदी आहेत. त्यातल्या निम्म्या लाल कांद्याच्या आणि बाराव्या हिश्शाच्या मे महिन्यातल्या. ‘मे महिन्यातला लाल कांदा’ विचारला की ऑप्टिमायझर गुणाकार करून 50 हजार ओळींचा अंदाज देतो. नाशिक जिल्ह्यातलं शाळकरी पोरही सांगेल की लाल कांदा हिवाळ्यात येतो आणि मे महिन्यात बाजारात उन्हाळ कांदा असतो. खऱ्या ओळी जेमतेम निघतात. अंदाज असा चुकला की पद्धत चुकीची निवडली जाते आणि चार क्षणांचं काम ताणत जातं. अशा एकमेकींत गुंतलेल्या अटींसाठी अंदाज कसा सुधारावा, हे तिचं काम.

पत्रात नेमकं हेच हवं: अडचण काय होती, आधीच्या पद्धती कुठे कमी पडत होत्या, हिने नवीन काय केलं, कोणत्या डेटावर तपासलं आणि ते पुढे कोणी वापरलं. पत्र लिहिणाऱ्या सरांना किंवा मॅडमना हे मुद्दे एका पानावर लिहून द्या, त्यांना आनंदच होतो. महिनाभर तरी आधी द्या. आणि निदान एक पत्र तुमच्या कॉलेजबाहेरचं, तुमच्यासोबत पेपर न लिहिलेल्या माणसाचं असू द्या.

स्वतः अर्ज करता येतो असे मार्ग

बी.ई. आणि एम.ई.च्या मुलांसाठी एसीएमची स्टुडंट रिसर्च कॉम्पिटिशन आहे. तिच्या फेऱ्या सिगमॉडसारख्या परिषदांमध्ये होतात. एसीएमचं विद्यार्थी सदस्यत्व आणि कामाचा गोषवारा लागतो. निवड झाली की आधी पोस्टर, मग भाषण. पहिल्या तीन बक्षिसांची रक्कम 500, 300 आणि 200 डॉलर आहे.

सिगमॉडची प्रोग्रामिंग स्पर्धा 2009 पासून चालते. त्यात ना पत्रं ना थिसिस. एक प्रश्न दिला जातो, विद्यार्थ्यांच्या टीमने कोड पाठवायचा आणि तो किती वेगाने व अचूक चालतो त्यावर क्रम लागतो. चांगला सी-प्लस-प्लस लिहिणारी मुलं नाशिकमध्ये भरपूर आहेत. त्यांनी यात उतरावं असं मला मनापासून वाटतं, कारण इथे कॉलेजचं नाव कोणी बघत नाही.

पेपर स्वीकारला गेला असेल तर त्याचा कोड आणि डेटा तपासणीला देऊन ‘निकाल पुन्हा मिळवता आले’ असा बॅज घेता येतो. परदेशी परिषदेच्या प्रवासखर्चासाठी एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस (संगणकशास्त्र संशोधनाची भारतीय संघटना) यांचं अनुदान आहे, त्यासाठी स्वीकृतीपत्र हाताशी ठेवा.

नोकरीत स्थिरावलेल्या, 45 वर्षांपर्यंतच्या संशोधकांसाठी केंद्र सरकारचा विज्ञान युवा–शांती स्वरूप भटनागर पुरस्कार आहे. त्याची नामांकनं राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवरून जातात. त्याच्या 13 क्षेत्रांत गणित आणि संगणकशास्त्र हे एक आहे. डेटाबेसवाल्यांना तिथे जागा आहे का, असा प्रश्न मला नेहमी येतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जयंत हरित्सा यांना 2009 मध्ये जुना भटनागर पुरस्कार डेटाबेसच्याच कामासाठी मिळाला. आयआयटी मुंबईच्या सुनीता सरावगी यांना 2019 चं इन्फोसिस पारितोषिक मिळालं, त्यातही डेटाबेसचं काम होतं.

शेवटच्या दिवसाबद्दल एक. अनेक परिषदांच्या तारखेपुढे ‘एओई’ लिहिलेलं असतं, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत. आपल्या घड्याळाने तो क्षण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 वाजून 29 मिनिटांनी येतो. पण सगळीकडे एओई नसतं, काही ठिकाणी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ असते आणि सरकारी पोर्टल भारतीय वेळेवर बंद होतं. त्या विद्यार्थिनीने आपल्या गाइडची आणि दोन बाहेरच्या तज्ज्ञांची नावं कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे भारतीय वेळेनुसार तारीख टाकली. तो कागद आता तिच्या लॅबच्या कपाटावर चिकटवलेला आहे.