परळमध्ये सुरू झालेला फोलेटचा शोध

१९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या, तेव्हा इथल्या गिरणी कामगार कुटुंबांतल्या गर्भवतींना एक जीवघेणा ॲनिमिया गाठत होता. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात. इथे त्या मोजक्याच, पण आकाराने मोठ्या होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी या बायकांचं रोजचं जेवण तपासलं. भाजीपाला आणि फळं त्यात नावालाच. अ आणि क जीवनसत्त्व देऊन पाहिलं, गुण आला नाही. मग यीस्टचा अर्क दिला, म्हणजे बाजारात मिळणारं स्वस्त मार्माइट, आणि रुग्ण सुधारू लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वैद्यकाच्या इतिहासात या कामाला मिळालेली जागा मला फार अपुरी वाटते.

त्या अर्कातला घटक १९४१ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी पालकाच्या पानांतून वेगळा काढला: फॉलिक ॲसिड, म्हणजेच फोलेट या जीवनसत्त्वाचं एक रूप. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, ते कृत्रिमरीत्या तयार झालं.

पेशी मोठ्या का होतात, याचं उत्तर डीएनएमध्ये आहे. डीएनएच्या चार घटकांपैकी थायमिन बनवायला फोलेट लागतं. ते कमी पडलं की पेशी फुगत जाते, पण डीएनएची प्रत पुरी होत नाही आणि विभाजन अडतं. शिवाय थायमिनच्या जागी त्याच्याशी मिळताजुळता युरॅसिल बसतो. दुरुस्ती करणारी विकरं (एन्झाइम) तो कापून काढतात, थायमिन नसल्याने तिथे पुन्हा युरॅसिलच येतो. समोरासमोरच्या दोन्ही धाग्यांवर जवळजवळ काप पडले, तर गुणसूत्र तुटतं. १९९७ मध्ये ब्रूस एम्स आणि सहकाऱ्यांनी फोलेट कमी असलेल्या माणसांत हे नुकसान दाखवून दिलं. अस्थिमज्जेत पेशी अखंड विभागत असतात, म्हणून पहिला फटका रक्ताला. ब-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी शरीरातलं फोलेट वापराविना अडकून पडतं आणि रक्ताची तीच गत होते. अशा वेळी नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

१९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी हीच टंचाई मुद्दाम घडवली: फोलेटचं काम रोखणारं औषध देऊन ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांचा आजार काही काळ मागे हटवला.

१९९१ मध्ये ब्रिटनच्या चाचणीने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा (ज्या नळीपासून गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतो तिचा) दोष असलेल्या मातांनी गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुढच्या बाळातला धोका ७२ टक्क्यांनी घटतो. ही नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पुष्कळ जणींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं, म्हणून गोळी आधीच सुरू करायला सांगतात.