आरव्हीच्या दारातून सोनोरन वाळवंट

आमची आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनच्या आसपास मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी, आणि त्यातही भारतातून आलेल्या आई-बाबांना बरोबर नेणाऱ्यांसाठी, हे पत्रक आहे. गाडीच्या टाक्या, वीज, गॅस यांची माहिती वेगळ्या पुस्तिकेत दिली आहे.

पहिली विनंती: फिरत बसू नका, एका जागी बसा. एकाच तळावर निदान दोन रात्री काढा. चालता माणूस दिसला की पक्षी-प्राणी लांब सरकतात, उभ्या गाडीकडे मात्र फारसं लक्ष देत नाहीत. आतले दिवे मालवा, पडदा अर्धा ओढा आणि उजाडल्यापासून तास-दीड तास खिडकीशी बसा. चहा गॅसवर होतो, त्यासाठी जनरेटर लावू नका. अ‍ॅरिझोना आणि भारत यांच्या वेळेत बाराही महिने साडेबारा तासांचं अंतर असतं, त्यामुळे नुकते आलेले आई-बाबा तसेही पहाटे तीनला टक्क जागे असतात. या जागरणाचं इथे चीज होईल.

कुठे थांबाल?
सग्वारो नॅशनल पार्कमध्ये आरव्हीचा मुक्काम करता येत नाही. पश्चिम भागाला लागूनच टूसॉन माउंटन पार्कात गिल्बर्ट रे हा तळ आहे, तिथे विजेची जोडणी मिळते. जास्त शांतता हवी असेल तर मेक्सिकोच्या सीमेजवळच्या ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंटमध्ये जा. तिथल्या ट्विन पीक्स तळावर वीज नाही आणि जनरेटर ठरलेल्या वेळेतच चालवता येतो.

काय दिसेल?
समोरचा एखादा उंच सग्वारो (खांबासारखा निवडुंग) निवडा आणि त्याच्या अंगावरची गोल भोकं बघत राहा. ती गिला वुडपेकर या सुतारपक्ष्याची कामगिरी. तो कोरून लगेच राहायला जात नाही; आतली ओली जखम वाळून तिला टणक साल धरायला काही महिने लागतात. सुताराने घर सोडलं की तिथे एल्फ आउल येतं. जगातलं हे सगळ्यात छोटं घुबड जेमतेम १३ सेंटिमीटरचं आहे. ते थंडीत दक्षिणेला जातं आणि मार्चच्या सुमारास परततं, म्हणून आमच्या मते एप्रिलचा मुक्काम सर्वांत चांगला. दिवेलागणीला कुत्र्याच्या पिल्लासारखं बारीक भुंकणं ऐकू आलं तर दुर्बीण त्या भोकाकडे वळवा.

रोडरनर तळावरून सर्रास पळताना दिसतो. तो कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा नातलग. हमिंगबर्डला मात्र शिंजीर समजू नका. दोघांचं नातं नाही. कॅक्टस रेन हा राज्यपक्षी चोया या काटेरी निवडुंगात घरटं करतो आणि बंद पडलेल्या गाडीच्या स्टार्टरसारखा घरघरतो. हिवाळ्यात जात असाल तर व्हाइटवॉटर ड्रॉ या पाणथळ जागी सँडहिल क्रेन या क्रौंचांचे हजारोंचे थवे उतरतात. त्यासाठी एक दिवस वेगळा काढा.

संध्याकाळी हावेलिनांचा कळप येईल. ती रानडुकरासारखी दिसतात, पण कूळ वेगळं. त्यांची नजर अधू असते, त्यामुळे अगदी जवळ येईपर्यंत त्यांना तुमचा पत्ता लागत नाही. कुत्रा बरोबर असेल तर आधी त्याला आत घ्या. कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवू नका आणि कोणालाही खाऊ घालू नका. टूसॉन ज्यात येतं त्या पीमा काउंटीत वन्य प्राण्यांना खायला घालणं बेकायदा आहे. हमिंगबर्डसाठी साखरपाणी (एक भाग साखर, चार भाग पाणी, रंग नको) टांगायचं असेल तर ते फक्त खासगी आरव्ही पार्कात, विचारून. उन्हाळा सरताना ते रात्रीत संपलं तर वटवाघळं येऊन गेली असं समजा!

वाळवंटी कासव दिसलं तर उचलू नका. घाबरलं की ते साठवलेलं पाणी मूत्रावाटे टाकतं आणि पुढच्या कोरड्या दिवसांत ते त्याच्या जिवावर बेतू शकतं.

गाडीत काय ठेवलंय?
ड्रॉवरमध्ये जांभळा टॉर्च आहे. त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात, म्हणून रात्री पायरी उतरण्याआधी तो खाली फिरवा. शेजारचा कंगवा केसांसाठी नाही. चोयाचा काटेरी गोळा पायाला चिकटला तर तो हाताने न ओढता कंगव्याने उडवायचा.

रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बॉनेट उघडून बघा. पॅकरॅट हे उंदीर ऊब शोधत तिथे शिरतात, काड्या-काटे गोळा करतात आणि तारा कुरतडतात. तसं काही दिसलं तर गाडी सुरू न करता आधी आम्हाला फोन करा.