पहिली बरगडी काढावी का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

केस विंचरायला हात वर केला की तो जड पडतो. फोन कानाशी धरला की करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात. त्या कुशीवर झोपता येत नाही. छातीच्या वरच्या भागात ओढ लागते म्हणून आधी हृदयाची तपासणी होते आणि ती चांगली येते. मग मानेचा एमआरआय, मग मनगटाच्या नसांची तपासणी. बऱ्याच उशिरा कुणीतरी ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसा किंवा रक्तवाहिन्या वाटेत दबणं, हे नाव घेतं आणि त्यामागोमाग प्रश्न येतो: पहिली बरगडी काढून टाकायची का? प्रश्न विचारला जातो एकट्या रुग्णाला, पण त्याच्यामागे दीडशे वर्षांहून जुना वाद आहे. त्या वादाची माहिती नसताना होकार किंवा नकार द्यावा लागणं हा रुग्णावर अन्याय आहे, असं मला वाटतं.

आधी जागा समजून घेऊ. मानेच्या मणक्यांमधून निघालेल्या पाच नसा एकत्र येऊन त्यांचं जाळं बनतं आणि ते हातात उतरतं. वाटेत तीन अरुंद जागा लागतात. पहिली मानेच्या बाजूच्या दोन स्केलीन स्नायूंमधली फट, दुसरी कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांमधली खाच, तिसरी छातीच्या पेक्टोरॅलिस मायनर या स्नायूखालची. हाताची धमनी नसांबरोबर पहिल्या फटीतूनच येते, शीर मात्र पुढच्या स्केलीन स्नायूच्याही पुढून जाते. ‘नस दबली’ असं आपण सरसकट म्हणतो, त्यात मज्जातंतू, धमनी आणि शीर या तिन्ही गोष्टी एक होऊन जातात. इथे तो फरक महत्त्वाचा आहे. दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत दाब मज्जातंतूंवर असतो. शीर दबलेले रुग्ण थोडे आणि धमनी दबलेले सर्वांत कमी. शस्त्रक्रियेचा वाद मुख्यतः त्या पहिल्या, मोठ्या गटाबद्दल आहे.

काही माणसांना मानेच्या सातव्या मणक्याला एक जादा बरगडी असते. शंभरात फार तर एकाला, आणि त्यांतल्या बहुतेकांना तिचा जन्मभर काही त्रास होत नाही. या बरगडीमुळे हाताचा रक्तपुरवठा बिघडतो हे लंडनच्या अ‍ॅश्ली कूपर यांनी १८२१च्या सुमारास नोंदवलं. १८६१ मध्ये लंडनच्याच सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात होम्स कूट यांनी असं वाढलेलं हाड काढलं. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत तेव्हा काही वर्षं दूर होती. मानेच्या मुळाशी, मोठ्या धमनीच्या अगदी शेजारी, अशा काळात सुरी चालवायला डॉक्टर आणि रुग्ण दोघांना किती धीर लागला असेल!

१८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले आणि ही जादा बरगडी जिवंत माणसात दिसू लागली. दिसली की दोष तिचाच, असं मानणं सोपं झालं. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या विल्यम हॅल्स्टेड यांनी १९१६ मध्ये अशा ७१६ नोंदींचा आढावा घेतला. पण त्याआधीच, १९१० मध्ये, ऑस्ट्रेलियात टॉमस मर्फी यांनी एका रुग्णाची साधी, सगळ्यांना असते ती पहिली बरगडी काढली होती. जादा हाड नसतानाही नस दबू शकते, हा विचार तिथून पुढे आला.

१९२७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या अ‍ॅडसन आणि कॉफी यांनी सांगितलं की हाड न काढता पुढचा स्केलीन स्नायू कापला तरी आराम पडतो. ही शस्त्रक्रिया लहान आणि सोपी होती, त्यामुळे झपाट्याने पसरली. पुढच्या दशकात दुखण्याचं नावच ‘स्केलीनस सिंड्रोम’ पडलं. १९४३ मध्ये फाल्कनर आणि वेडेल यांनी कॉलर बोनखालच्या खाचेकडे बोट दाखवलं, पाठीवर जड ओझं वाहणाऱ्या सैनिकांचे खांदे खाली ओढले जात होते. १९४५ मध्ये राइट यांनी हात डोक्यावर ठेवून झोपण्याच्या सवयीकडे आणि छातीच्या स्नायूकडे लक्ष वेधलं. प्रत्येक वेळी दोषी ठरलेला भाग निराळा आणि नावही निराळं. रुग्णाची तक्रार मात्र जवळपास तीच.

याच काळात दुसरीकडे जे घडलं ते मला या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मणक्यांमधली चकती सरकून नस दाबते हे मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये कमरेच्या बाबतीत दाखवलं. १९४३ मध्ये सेम्स आणि मर्फी यांनी मानेच्या चकतीबद्दल लिहिलं, आणि युद्धानंतर मनगटातल्या कार्पल टनेलची, म्हणजे नस जिथे दबते त्या अरुंद बोगद्याची, ओळख पटली. तेव्हा लक्षात आलं की स्केलीन स्नायू कापलेल्या कित्येक रुग्णांचं मूळ दुखणं मानेत किंवा मनगटात होतं. शिवाय ज्यांना सुरुवातीला बरं वाटलं होतं, त्यांच्यापैकी अनेकांचा त्रास परत आला. स्नायू कापण्याची लाट ओसरली. आज शस्त्रक्रियेआधी मान, खांदा, कोपर आणि मनगट तपासून घ्या असा आग्रह धरला जातो, तो या अनुभवातून आलेला आहे. तपासण्यांची रांग पाहून वैताग येतो, तो मी समजू शकते. तरी ही रांग टाळू नये.

‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हे नाव १९५६ मध्ये मेयो क्लिनिकच्याच पीट आणि सहकाऱ्यांच्या लेखातून रूढ झालं. तो लेख शस्त्रक्रियेबद्दल नव्हता, व्यायामाबद्दल होता. खांद्याचे पाते उचलून धरणारे स्नायू बळकट करायचे, बसण्या-उभं राहण्याची ढब सुधारायची, असा तो कार्यक्रम होता.

पण दशकभरातच पारडं पुन्हा सुरीकडे झुकलं. १९६२ मध्ये क्लॅगेट यांनी पाठीमागून पहिली बरगडी काढण्याची पद्धत मांडली. कुठल्याही खाचेत दाब असो, ही बरगडी समाईक आहे, तेव्हा तीच काढावी, असा त्यांचा तर्क होता. १९६६ मध्ये डेन्व्हरच्या डेव्हिड रूस यांनी काखेतून जाण्याचा मार्ग दाखवला. मोठे स्नायू कापावे लागत नव्हते आणि व्रण काखेत झाकला जात होता, म्हणून १९७०च्या दशकात या शस्त्रक्रियेचा प्रसार झाला. ती वाट अरुंद आणि खोल. नसांच्या जाळ्याला इजा, फुप्फुसाभोवती हवा शिरणं, खांद्याचं पातं पाठीवर पंखासारखं उठून दिसणं, श्वासपटलाच्या नसेला धक्का हे धोके खरे आहेत. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणाही येऊ शकतो. नंतर अनेक सर्जन कॉलर बोनच्या वरून जाऊन बरगडीबरोबर स्केलीन स्नायूही काढू लागले. कोणती वाट निवडायची हे आजही बरंचसं सर्जनच्या हातावर आणि अनुभवावर ठरतं.

१९७० मध्ये लंडनच्या गिलियट आणि सहकाऱ्यांनी काही मोजके रुग्ण वर्णिले, ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा झडत चालला होता आणि विद्युत तपासणीत नसेचं नुकसान स्पष्ट दिसत होतं. हा प्रकार अतिशय दुर्मीळ आहे, आणि त्याबद्दल कुणाचाच वाद नाही. वाद आहे तो उरलेल्या बहुसंख्यांबद्दल, ज्यांना वेदना आहेत पण तपासणीचा कागद कोरा आहे. अ‍ॅडसन यांच्या नावाची चाचणी, म्हणजे मान वळवून दीर्घ श्वास घेतल्यावर मनगटाची नाडी मंदावते का ते पाहणं, तीही निरोगी माणसांत कितीदा तरी ‘सापडते’. १९९० मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकात रूस यांनी लिहिलं की हा आजार पुरेसा ओळखला जात नाही, तर मज्जातंतुतज्ज्ञ आसा विल्बर्न यांनी लिहिलं की तो गरजेपेक्षा जास्त ओळखला जातो. विल्बर्न यांनी शस्त्रक्रियेतून हात कायमचा अधू झालेले रुग्ण पाहिले होते. रूस यांनी डॉक्टरांमागून डॉक्टर करून ‘काही नाही’ ऐकलेले रुग्ण पाहिले होते. दोघांसमोरची माणसं खरी होती. तपासणी कोरी म्हणजे वेदना खोटी, हा निष्कर्ष मात्र मी कुणाकडूनही मान्य करणार नाही.

पुराव्याची बाजू फार काळ लंगडी राहिली. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने २०१४ मध्येही ठाम निष्कर्ष काढण्याइतका चांगला पुरावा नसल्याचं सांगितलं. स्केलीन स्नायूत बोट्युलिनम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देऊन पाहिलेल्या चाचणीतही स्पष्ट फायदा दिसला नव्हता. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रक्तवाहिनी सर्जनांच्या संघटनेने निदानाचे समान निकष मांडले, म्हणजे किमान एका रुग्णालयातला रुग्ण दुसऱ्यातल्या रुग्णाशी ताडून पाहता येईल. नंतर नेदरलँड्समध्ये ५० रुग्णांची चाचणी झाली. व्यायाम आणि फिजिओथेरपीने ज्यांना उतार पडला नाही अशांनाच त्यात घेतलं होतं. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले, एकाला शस्त्रक्रिया दिली, दुसऱ्याला थांबवून ठेवलं, आणि तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचा हात स्पष्टपणे अधिक चालत होता. पुढे थांबलेल्या गटालाही शस्त्रक्रिया दिली गेली, त्यामुळे दूरची तुलना त्यातून मिळत नाही. तो निकाल फिजिओथेरपी अजून नीट करून न पाहिलेल्यांना लावता येत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.

शिरेत रक्ताची गाठ झाली असेल किंवा धमनी बिघडली असेल तर गोष्ट वेगळी. अचानक हात सुजून निळसर पडला, किंवा बोटं गार आणि पांढरी पडली, तर वाट पाहायची नसते. शिरेतल्या गाठीचा हा प्रकार पॅजेट आणि फॉन श्रोटर यांनी एकोणिसाव्या शतकातच वर्णिला आहे.

फक्त नसांचा त्रास असलेल्यांना आज सहसा आधी काही महिने जाणकार फिजिओथेरपिस्टकडे पाठवतात. त्याने भागलं नाही तर पुढच्या स्केलीन स्नायूत भुलीचं इंजेक्शन देऊन पाहतात. त्यावर तात्पुरता आराम पडला तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची शक्यता वाढते. सर्जनला विचारावं की अशा किती शस्त्रक्रिया त्यांनी केल्या, कोणत्या वाटेने, आणि त्रास परतलेल्या रुग्णांचं पुढे काय केलं. बरगडी निघाली तरी आत व्रणाची ऊती वाढून नस पुन्हा जखडू शकते. म्हणून जखम भरत आली की नसा सैल ठेवण्याच्या हालचाली सुरू होतात. मग पोटातून श्वास घेणं आणि खांद्याचं पातं सावरणारे स्नायू बळकट करणं, म्हणजे १९५६च्या त्या लेखातल्यासारखेच व्यायाम, पुढचे कित्येक महिने.