पडद्यावरच्या गोष्टी शाळेत कशा आल्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत टीव्हीवर चित्रगोष्ट लागते आणि दुसरीतली मुलं एका सुरात वाचू लागतात. यामागची कहाणी टीव्हीच्या आधी सुरू होते.

पुण्यात 1967 साली बालभारती स्थापन झाली आणि पाठ्यपुस्तकांची घडी बसली. 1971 मध्ये ‘किशोर’ मासिक आलं, पण ते बऱ्यापैकी वाचता येणाऱ्या मुलांसाठी. नुकतीच काना-मात्रा जुळवू लागलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकाखेरीज फारसं काही मिळत नसे. 1987 च्या केंद्र सरकारच्या खडू-फळा मोहिमेतून शाळांना पुस्तकं मिळाली. ती फाटतील, हरवतील या धास्तीने अनेक ठिकाणी कपाटाला कुलूपच राहिलं. याचं मला फार वाईट वाटतं.

2005 पासून ‘असर’ या ग्रामीण भागातल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या देशव्यापी पाहणीत मुलांसमोर अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा पायऱ्या ठेवल्या जाऊ लागल्या. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे दरवर्षी आकड्यांत दिसू लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी स्वस्त बालपुस्तकांसाठी ‘प्रथम बुक्स’ सुरू झालं होतं. छपाई आणि वाहतुकीचा खर्च मात्र प्रत्येक भाषेमागे वाढायचा.

माझ्या मते खरं वळण आलं ते परवान्यामुळे. प्रथम बुक्सने आपल्या गोष्टी मुक्त परवान्याखाली खुल्या केल्या. लेखक-चित्रकारांचं श्रेय दिलं की कुणीही त्या उतरवून (डाउनलोड करून) घ्याव्यात, छापाव्यात, भाषांतरित कराव्यात. 8 सप्टेंबर 2015 रोजी, साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ हे डिजिटल भांडार उघडलं, तेव्हा तिथे 24 भाषांत 800 गोष्टी होत्या. वाचनाच्या चार पातळ्या ठरवलेल्या, त्यामुळे पहिलीतल्या मुलापुढे चौथीचा मजकूर येत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये प्रत्येक मूल शिकावं यासाठीच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. गावोगावी शिक्षकांनी लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आणले. गोष्टी तयार होत्या, पडदेही आले. नेट नसलं तर गावात रेंज मिळेल तिथे गोष्ट उतरवून घ्यायची आणि वर्गात दाखवायची. कोरोनात शाळा बंद झाल्या, तेव्हा ‘गोष्टींचा शनिवार’ उपक्रमातून याच भांडारातल्या गोष्टींच्या लिंक दर आठवड्याला पालकांच्या फोनवर जाऊ लागल्या. ज्या घरात फोन एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर, तिथे मात्र गोष्ट संध्याकाळीच उघडायची.

या भांडारात आज गोंडी आणि कोरकू या आदिवासी भाषांतही गोष्टी आहेत. मेळघाटातल्या पहिलीच्या मुलाला घरी बोलतो तेच शब्द देवनागरीत वाचायला मिळतात.