परदेशी सरीसृप, उभयचर व टॅरंटुला (घरगुती पालन)

मूळ अधिवासापासून दूर, बहुधा काचेच्या पेटीत हौसेने पाळले जाणारे साप, सरडे, पाली, कासवे, बेडूक, सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे उभयचर) आणि टॅरंटुला हे मोठे केसाळ कोळी यांचा या हौसेत समावेश होतो. कुत्र्या-मांजरांसारखा हजारो वर्षांचा सहवास यांच्या पाठीशी नाही. आफ्रिकेतला बॉल अजगर हातात शांत बसतो, पण त्याला माया म्हणण्यापेक्षा सोशिकपणा म्हणणे बरे.

हे प्राणी शरीराची ऊब बाहेरून घेतात, त्यामुळे पाळणाऱ्याला आधी पेटीतले हवामान सांभाळावे लागते. पेटीचा एक कोपरा गरम व दुसरा गार असावा लागतो, म्हणजे प्राणी आपली जागा आपणच निवडतो. नवशिक्याला बहुतेक जण लेपर्ड गेको ही पाल सुचवतात आणि ते रास्त आहे. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या, खडकाळ भागात राहणारी ही पाल वीत-सव्वा वीत लांबीची असते. तिच्या बोटांना चिकट गाद्या नसतात, म्हणून ती काचेवर चढत नाही. जाड शेपटीत चरबी साठवते. गरम कोपऱ्यात ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान मिळाले की तिचे पचन नीट चालते. खाणे मात्र जिवंत लागते. रातकिडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे, वर चिमूटभर कॅल्शियमची पूड टाकायची आणि पांढरे होईपर्यंत पिशवी हलवायची. लगेच पेटीत सोडले नाहीत तर रातकिडे अंग झाडून पूड काढून टाकतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडले की हाडे मऊ होतात, जबडा रबरासारखा लिबलिबतो, पाय वाकडे होतात. घरात झुरळ पाहून किंचाळणाऱ्यांनी या हौसेचा पुन्हा विचार करावा.

उभयचर दिसायला गरीब, सांभाळायला अवघड. त्यांच्या पातळ त्वचेतून पाणी आणि त्यातली रसायने थेट आत जातात, म्हणून नळाचे क्लोरीनयुक्त पाणी तसेच वापरता येत नाही आणि उगीच हात लावणेही टाळावे लागते. मेक्सिकोतल्या झोचिमिल्को भागातला अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलॅमँडर आयुष्यभर डिंभासारखे (पिल्लाच्या अवस्थेतल्यासारखे) बाहेरचे कल्ले मिरवतो. त्याला १६ ते १८ अंशांचे पाणी मानवते. नागपूरच्या मे महिन्यात पाणी गार करणारे यंत्र सतत चालू ठेवायची तयारी नसेल तर तो आणूच नये. दक्षिण अमेरिकेतले विषारी रंगीत बेडूक मात्र पेटीत वाढले की बिनविषारी होतात, कारण त्यांचे विष रानातल्या मुंग्या व माइट नावाचे सूक्ष्म जीव खाण्यातून आलेले असते.

टॅरंटुलाला जागा कमी लागते, आठवड्यातून एखादा किडा पुरतो आणि आवाज तर नसतोच. मादी वीस वर्षेही जगते. नर वयात आल्यावर फार टिकत नाही. कात टाकताना टॅरंटुला, नर असो वा मादी, पाठीवर उताणा पडतो. मेला समजून त्याला हलवणे हीच नवख्याची नेहमीची चूक. कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी पोट फुटून मरू शकतो, तेव्हा हातावर घेण्याची फुशारकी कोळ्यालाच महागात पडते. अमेरिका खंडांतल्या अनेक जाती पोटावरचे खाजरे केस उडवतात. आशियातल्यांकडे ते नसतात, पण त्यांचा दंश जास्त त्रासदायक असतो. पाश्चात्त्य देशांत ज्याला मोठी मागणी आहे तो गर्द निळा कोळी, पेसिलोथेरिया मेटालिका, आंध्र प्रदेशातल्या जंगलाचा रहिवासी असून आज अत्यंत संकटग्रस्त आहे.

बहुतेकांची फसगत आकारमान आणि आयुर्मान यांत होते. बॉल अजगर वीस-तीस वर्षे जगतो, म्हणजे दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेला साप त्याची स्वतःची मुले शाळेत जाईपर्यंत घरात असू शकतो. मध्य व दक्षिण अमेरिकेतला हिरवा इग्वाना हा सरडा दुकानात हातभरही नसतो, पुढे शेपटीसह दीड मीटर ओलांडतो. याहून बोलके उदाहरण अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या लाल कानांच्या कासवाचे. बिस्किटाएवढे पिल्लू मत्स्यालयाच्या दुकानातून येते. घरात कासव शुभ, हा समज त्याला हातभार लावतो. काही वर्षांत मादी ताटाएवढी होते, पाणी रोज घाण करते आणि मग एखाद्या संध्याकाळी जवळच्या तळ्यात सोडली जाते. तिथे ती स्थानिक कासवांच्या खाण्यावर आणि ऊन खाण्याच्या जागांवर हक्क सांगते. कासवांपासून माणसाला होणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गामुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे विकण्यास बंदी घातली, तर युरोपीय संघाने १९९७ मध्ये या जातीची आयात थांबवली.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी जातींचा जिवंत प्राणी जवळ असल्यास त्याची नोंद करावी लागते. पिल्ले झाली किंवा प्राणी दुसऱ्याला दिला तरी कळवावे लागते. विक्रेत्याची साधी पावती त्यासाठी पुरत नाही. चांदणी कासवाची गोष्ट वेगळी. ते इथलेच आहे, आणि भेट मिळाले असले तरी घरात ठेवणे गुन्हा ठरतो.